दहा ठोक्यांची गैरहजेरी

सन्माननीय भूलतज्ज्ञ, कान-नाक-घसा शल्यविशारद आणि रुग्णालयांचा कारभार पाहणारी मंडळी,

सा. न. वि. वि.

माझ्यासमोर टेबलावर दोन कागद आहेत. एक आहे तीन ओळींचं उत्तर, एका रुग्णालयाच्या कार्यालयातून आलेलं: ‘भुलेखाली अशा किरकोळ घटना होत असतात. डिस्चार्ज कार्डात त्यांची नोंद करण्याची पद्धत नाही. आपले ऑपरेशन यशस्वी झाले असून कार्डात बदल करता येणार नाही.’ दुसरा कागद म्हणजे त्याच ऑपरेशनच्या वेळचा भुलेचा तक्ता. बऱ्याच खेपा घातल्यावर त्याची झेरॉक्स मिळाली. त्याच्या समासात बारीक अक्षरात, पेन दाबून लिहिलेली एक ओळ आहे. तिचं मराठी करून सांगते: ‘९.४२. स्कोप बसवताना हृदय थांबले, ९ सेकंद. सर्जनना थांबवले, स्कोप काढला. ॲट्रोपिन ०.६ मिग्रॅ. नाडी ८८.’ स्कोप म्हणजे ऑपरेशनसाठी घशात घालायची नळी, आणि ॲट्रोपिन म्हणजे नाडी वाढवणारं औषध.

मी शाळेत शिकवते. नाडी मिनिटाला बहात्तर धरली तर नऊ सेकंदांत दहा ठोके पडायला हवेत, वर थोडे. ते दहा पडले नाहीत. माझ्या वर्गातली दहा मुलं एका दिवशी आली नाहीत तर हजेरीपटावर लाल शाईने लिहावं लागतं, आणि मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक बोलावून कारण विचारतात. माझ्या हृदयाचे दहा ठोके गैरहजर राहिले, ते मात्र किरकोळ.

भांडण त्या एका रुग्णालयाशी असतं तर हे पत्र पाकिटात घालून पाठवलं असतं. पण घशाचं ऑपरेशन झालेल्या ओळखीच्या पाच-सहा जणांना त्यांची कार्डं काढायला लावली. कुणाच्याही कार्डावर भुलेबद्दल ‘जनरल ॲनेस्थेशिया’ या दोन शब्दांपलीकडे काही नव्हतं. त्यांच्यापैकी कुणाला काही झालं होतं की नाही, हे त्या कार्डांवरून आता देवालाही सांगता येणार नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. त्या दिवशी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जे घडलं त्याबद्दल माझी तक्रार नाही. भूलतज्ज्ञांनी ओळखलं, सर्जन थांबले, हात मागे घेतला, औषध गेलं, ठोके परत आले. मी हे लिहायला बसले आहे तेच त्यांच्यामुळे. माझी तक्रार त्या नऊ सेकंदांनंतरच्या चौदा महिन्यांची आहे.

झालं असं. पंचवीस वर्षं वर्गात ओरडून माझ्या उजव्या स्वरतंतूवर एक छोटी गाठ आली. आवाज फाटायला लागला, तिसऱ्या तासानंतर नुसती हवा यायची. दुर्बिणीतून गाठ काढायची ठरली. तोंडातून एक जाड धातूची नळी थेट स्वरयंत्रापर्यंत घालायची, ती छातीवर टेकवलेल्या आधाराला अडकवून तशीच पक्की ठेवायची, आणि वर सूक्ष्मदर्शक लावून काम करायचं. पंधरा-वीस मिनिटांचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. बाहेर बसलेल्या माझ्या यजमानांना सांगितलं गेलं, “छान झालं. मध्ये थोडं बीपी खालीवर झालं होतं, काळजीचं काही नाही.” त्यांनी ते मला घरी आल्यावर सांगितलं, तेही आठवण झाली म्हणून.

चौदा महिन्यांनी गाठ पुन्हा आली. या वेळी दुसरं रुग्णालय, दुसरे डॉक्टर. फिटनेससाठी गेले तेव्हा भूलतज्ज्ञांनी सरळ विचारलं, “याआधी भूल घेतली होती तेव्हा काही त्रास?” मी ठामपणे म्हणाले, “काहीच नाही.” खोटं नव्हते बोलत. मला जेवढं सांगितलं गेलं होतं, तेवढं मी पुढे सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी नाडी चौतिसावर आली. या वेळी ठोके थांबले नाहीत, पण दिशा तीच होती. संध्याकाळी ते भूलतज्ज्ञ वॉर्डात आले, स्टूल ओढून बसले (ऑपरेशननंतर कुणी भूलतज्ज्ञ माझ्याजवळ येऊन बसले, असं पहिल्यांदाच घडलं) आणि म्हणाले, “मॅडम, मागच्या वेळी असं काही झालं नव्हतं, नक्की? जुना भुलेचा कागद मिळवा.” तो मिळवायला गेले आणि समासातली ती ओळ सापडली. मग कार्डात नोंद करून द्या, असा अर्ज केला. त्यावरचं उत्तर तुम्ही वर वाचलंच.

आता घशाचा आणि हृदयाचा संबंध काय, हे तुमच्यासाठी नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगायला हवं. मलाही तो ठाऊक नव्हता. माझ्या समजुतीत हृदय डावीकडे, घसा वर, आणि मधे बरंच अंतर.

मेंदूच्या बुडातून निघणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटका, आणि ती भटकतेही खरी: घसा, स्वरयंत्र, फुप्फुसं, हृदय, पोट. स्वरयंत्राच्या आतली संवेदना तिच्याच फांद्यांतून मेंदूकडे जाते आणि हृदयाला ‘हळू’ असा हुकूमही तिच्याच फांद्यांतून येतो. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच. स्वरयंत्राला जोराचा स्पर्श झाला, दाब पडला, ताण बसला की कधीकधी मेंदू तो निरोप वाचून थेट ब्रेक दाबतो. नाडी पन्नासवर, चाळीसवर येते, क्वचित थांबते. बरं, प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. बहुतेकांच्या बाबतीत नळी घालताना उलटंच घडतं. शरीर दचकतं, ॲड्रेनलिन उसळतं, नाडी आणि बीपी दोन्ही चढतात, मधूनच एखादा ठोका अवेळी पडतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला ही धावपळ झेपत नाही. म्हणजे त्याच घशात त्याच कारणाने एकाचं हृदय पळतं आणि दुसऱ्याचं बसतं. मानेच्या ऑपरेशनमध्ये आणखी एक जागा आहे. कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते तिथे रक्तदाब मोजणारी एक गादी असते. तिच्यावर बोट दाबलं गेलं तरी नाडी उतरते.

घशाच्या ऑपरेशनचं अवघडपण यापुढचं आहे. ऑपरेशन छोटं, पण खुपणं मोठं. पोटाच्या ऑपरेशनसारखा दोन तासांचा कारभार नसतो. पंधरा मिनिटांत उठवायचं असतं, म्हणून भूल फार खोल नेण्याकडे कल नसतो. पण नळी घशात बसते त्या क्षणी खोल भूल हवी असते. त्यात जागा एकच. भूलतज्ज्ञांचा श्वासमार्ग आणि सर्जनचं कामाचं ठिकाण एकच. सर्जनला दिसावं म्हणून श्वासाची नळी बारीक घालतात, काही वेळा घालतच नाहीत, नुसत्या झोताने हवा देतात. अशा वेळी कार्बन डायऑक्साइड साचला किंवा ऑक्सिजन उतरला तर हृदय आणखी चिडतं. रक्तस्राव थांबवायला ॲड्रेनलिनचा बोळा लावला तर तेही त्यात मिसळतं. लहान मुलांच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनमध्ये तर ऑक्सिजन जरा उतरला की नाडी लगेच मंदावते. स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन दिलं, विशेषतः दुसऱ्यांदा दिलं, तर त्यानेही मंदावते. शेवटी स्नायू पूर्ववत करायला निओस्टिग्मिन देतात, तेही नाडी खाली ओढतं, म्हणून त्याच्या जोडीला ग्लायकोपायरोलेट द्यावं लागतं.

हे सगळं तुमच्या पाठ्यपुस्तकांतलं आहे. मी ते एका डॉक्टर भाचीकडून समजून घेतलं. प्रत्येक वाक्याला ती म्हणायची, “मावशी, हे आम्हाला दुसऱ्या वर्षापासून माहीत असतं.” मग मला का नाही?

आणि माहीत आहे ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबराच्या डॉक्टर सिम्प्सन यांनी भूल द्यायला क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, २८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगवल्यावर काही मिनिटांत गेली. ऑपरेशन कसलं, तर पायाच्या अंगठ्याचं नख काढण्याचं. तिच्या मृत्यूची रीतसर चौकशी झाली, साक्षी झाल्या, सगळं कागदावर आलं. डॉक्टर त्यावर वर्षानुवर्षं भांडत राहिले. औषध जास्त झालं, गुदमरली, हृदय थांबलं. १९११ मध्ये डॉक्टर गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना ॲड्रेनलिन दिलं तर हृदयाची लय मोडते, ते नुसतं थरथरतं आणि प्राणी मरतो. म्हणजे भूल जास्त झाली म्हणून माणसं मरतात असं धरून चालणाऱ्यांना, अपुरी भूलही मारू शकते, हे त्यांनी सांगितलं. एका अंगठ्याच्या नखाची घटना तेव्हा कुणी ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिली असती तर?

आता माझ्या तक्रारी. त्या मोजक्या आहेत, पण प्रत्येकीचं वजन सारखं नाही.

सगळ्यात मोठी ही, की घटना तक्त्यावर होती आणि कार्डावर आली नाही. भुलेच्या तक्त्यावर नाडी आणि बीपीचे ठिपके पाच-पाच मिनिटांनी पडतात. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९८६ मध्ये किमान देखरेखीचे नियम ठरवले. ईसीजी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सतत, नाडी आणि बीपी निदान दर पाच मिनिटांनी. उत्तम नियम आहेत. पण नऊ सेकंद दोन ठिपक्यांच्या मधे आरामात मावतात. माझ्या तक्त्यावर ९.४० चा ठिपका ७६ वर आहे, ९.४५ चा ८८ वर. ठिपके जोडले तर सरळ, किंचित चढती रेघ येते. त्या भूलतज्ज्ञांनी समासात हाताने लिहिलं नसतं तर ही गोष्ट जगात कुठेच उरली नसती. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. नंतर कुणीतरी, बहुधा रात्रपाळीने पेंगुळलेल्या एखाद्या निवासी डॉक्टरने, डिस्चार्ज कार्ड भरताना तो कागद उलटलाच नाही. त्या मुलावर किंवा मुलीवर माझा राग नाही. कार्डाच्या छापील नमुन्यात भुलेसाठी रकानाच नाही. जिथे रकाना नाही तिथे कोण लिहील?

दुसरी तक्रार विचारण्याबद्दलची. दोन्ही वेळा मला बीपी, शुगर, दमा, ॲलर्जी विचारली. ‘बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या घेता का?’ असंही विचारलं. मी नाही म्हणाले. पण मायग्रेनसाठी मी रोज रात्री प्रोप्रानोलोल घेते, आणि ही गोळी हृदयाचा वेग कमी करते. डोकेदुखीची गोळी आपल्या मनात ‘हृदयाच्या’ खणात बसत नाही हो. ‘रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या’ असं एक वाक्य पुरलं असतं. ती गोळी बंद करा असं कुणी म्हणालं असतं असंही नाही. भाचीने सांगितलं की अशी गोळी एकाएकी तोडणं उलट धोक्याचं. पण समोरच्या डॉक्टरांना माहीत तरी असतं. रक्त तपासायला सुई टोचली की मला भोवळ येते, हेही कुणी विचारलं नाही. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं का, कुणाच्या ईसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबलेला आहे का, हे प्रश्न तर कुठल्याच फॉर्मवर नव्हते. लांबलेल्या क्यूटीच्या माणसाला भुलेतली काही औषधं, अगदी उलटी थांबवणारं ऑन्डान्सेट्रॉनसुद्धा, त्रास देऊ शकतं. माझा क्यूटी ठीक आहे. सगळ्यांचा असेल असं नाही.

संमतीपत्राबद्दल थोडक्यात. पहिल्या वेळी मी ते स्ट्रेचरवर सही केलं, चष्मा काढून घेतल्यावर.

आणि शेवटची ती ‘किरकोळ’ या शब्दाची. मला मान्य आहे की बहुतेक वेळा दाब काढला की नाडी परत येते आणि मागे काही राहत नाही. मलाही काही राहिलं नाही. पण घटना निभावली म्हणून ती किरकोळ होत नाही, आणि पुढच्या वेळी तीच नस, तोच घसा, तीच बाई टेबलावर असणार आहे.

कुणी म्हणेल, आधी कळलं असतं तर असा काय फरक पडला असता? दुसऱ्या भूलतज्ज्ञांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, नळी बसवण्याआधी भूल आणखी खोल नेली असती, स्वरयंत्रावर बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा नीट मारला असता, ग्लायकोपायरोलेट आधीच द्यायचं का याचा विचार केला असता, ॲट्रोपिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवलं असतं, आणि सर्जनना सांगितलं असतं की सावकाश, मी ‘थांबा’ म्हटलं की थांबा. सगळ्यांनाच ॲट्रोपिन आधी टोचून ठेवा असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्याने नाडी पळते, आणि ज्याच्या हृदयाला पळणं झेपत नाही त्याला ते महागात पडेल. म्हणून तर कुणाचं हृदय कसं वागलं होतं, ते लिहिलेलं हवं.

मागण्या अशा.

ऑपरेशनच्या वेळी हृदयाची लय बिघडली आणि त्यासाठी काम थांबवावं लागलं किंवा औषध द्यावं लागलं, तर ती गोष्ट डिस्चार्ज कार्डावर यावी. काय झालं, कुठल्या टप्प्यावर, काय दिलं, कशाने परत आलं. चार तुकड्यांची एक ओळ. त्यासाठी कार्डाच्या नमुन्यात ‘भुलेदरम्यान विशेष’ असा रकाना छापा. काही घडलं नसेल तर ‘काही नाही’ असं लिहा, रकाना मोकळा सोडू नका. मोकळा रकाना आणि ‘काही नाही’ यांत काय फरक आहे, ते कुठल्याही शिक्षकाला विचारा.

रुग्ण घरी जाण्याआधी, पूर्ण शुद्धीत असताना, भूल देणाऱ्यांनी किंवा त्यांच्या वतीने माहितगाराने त्याला हे तोंडी सांगावं. बाहेर बसलेल्या नातेवाइकाला सांगितलं की काम झालं, असं धरू नये. ‘बीपी खालीवर’ हा शब्दप्रयोग तर कृपा करून बंदच करा. त्यात सगळं मावतं आणि काहीच कळत नाही.

भुलेच्या तक्त्याची प्रत मागितली की मिळावी. तिच्यासाठी चार खेपा, तीन अर्ज आणि ‘कशाला हवंय तुम्हाला?’ हा प्रश्न नको.

भुलेची संमती वेगळी घ्या, आदल्या दिवशी घ्या, आणि घशाच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर हृदयाच्या लयीचा धोका नाव घेऊन लिहा. लोक घाबरतील म्हणता? मी घाबरले असते. घाबरून प्रोप्रानोलोलचं पाकीट दाखवलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक सुरक्षा यादी दिली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि ओटी सोडण्याआधी, असे तीन थांबे आहेत तिच्यात. बऱ्याच ओटींच्या भिंतीवर ती टांगलेली असते. दुसऱ्या थांब्यावर सर्जन आणि भूलतज्ज्ञ आपल्या काळजीच्या गोष्टी बोलून घेतात. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिथे एकच वाक्य वाढवा: ‘नाडी उतरली तर मी थांबा म्हणेन.’ पंधरा मिनिटांच्या ऑपरेशनच्या लांबलचक यादीत तीन सेकंदही जाणार नाहीत. आणि तिसऱ्या थांब्यावर, परिचारिकेने बोळे मोजून झाल्यावर, भूलतज्ज्ञांनी सांगावं की कार्डावर काय लिहायचं.

ज्याला दुसऱ्यांदा असं होईल, त्याला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं की नाही, हे ठरवून लेखी द्यावं. मला ‘गरज वाटल्यास दाखवा’ असं सांगितलं होतं. गरज कुणाला वाटली तर, हे मात्र सांगितलं नाही.

माझी गाठ तिसऱ्यांदा येऊ शकते, असं डॉक्टर म्हणतात. आवाज ही माझी भाकरी आहे, त्यामुळे ती आली तर मी पुन्हा टेबलावर झोपणार. तोवर मी एक पुठ्ठ्याचं कार्ड करून पर्समध्ये ठेवलं आहे. त्यावर शाळेतल्या फळ्यावर लिहिते तशा ठळक अक्षरात लिहिलं आहे: ‘स्वरयंत्रात नळी बसवताना माझे हृदय एकदा ९ सेकंद थांबले आहे. दुसऱ्यांदा नाडी ३४. रोज रात्री प्रोप्रानोलोल घेते.’ खाली माझी सही आहे. रुग्णाच्या सहीला कुणी फारशी किंमत देत नाही, हे मी जाणून आहे. तेवढीच ओळ मला तुमच्या कार्डावर, तुमच्या सहीशिक्क्यानिशी हवी आहे. पहिल्या रुग्णालयाकडे माझा नवा अर्ज या पत्रासोबतच जातो आहे.

कळावे,

आपली,
एक शिक्षिका आणि तुमची दोन वेळची रुग्ण